सोलापुरात भिंतीवरचा हीटर बसवायचाय (हसून घ्या, मग उत्तर द्या)

जुने_खोड, ४ डिसेंबर
मंडळी, सोलापुरात हीटर म्हटल्यावर तुम्ही हसणार हे धरूनच लिहितोय. दुकानदारसुद्धा हसला. मग लगेच सगळ्यात महागडा काढून दाखवला.

कारण असं. लेक बाळंतपणाला आलीय, तारीख डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली. घर जुळे सोलापुरात, १९९४ चं. खाली दोन खोल्या, एकीत आई (वय ८६) आणि दुसरीत आम्ही दोघं. म्हणून लेकीला वरची खोली दिलीय. दहा बाय बारा, वर उघडी गच्ची, उत्तरेला खिडकी, भिंती साडेचार इंची. दिवसा काही वाटत नाही, पण पहाटे तीन-चारला फरशीवर पाय ठेववत नाही. परवा थर्मामीटर ठेवून बघितला, आत १४ अंश.

आई म्हणते, खाटेखाली शेगडी ठेवा, मी पाच पोरं तशीच वाढवली. बायको म्हणते, शेगडी घरात आणाल तर मी बाहेर. मी म्हटलं, भिंतीवर बसवायचा इलेक्ट्रिक हीटर घेऊ. खाली ठेवायचा नको, येता-जाता कुणाचा तरी पाय लागायचा. दुकानात २००० वॅटचा दाखवला. एसीच्या आतल्या युनिटसारखा दिसतो, रिमोट आहे. वायरमन येऊन बघून गेला. तो म्हणतो, खाटेजवळच्या बोर्डात प्लग घालू, भिंतीला चार स्क्रू मारू, अर्ध्या तासाचं काम. मला ते पटेना. कुठं बसवावा, वायर कोणती लागते, बाळाच्या खोलीत चालतो का? अनुभव असलेल्यांनी सांगा.

शेंगाचटणी, ४ डिसेंबर
काका, एप्रिलपर्यंत थांबा की. सूर्य फुकट देतोय, रिमोटसुद्धा लागत नाही.

कडक_भाकरी, ४ डिसेंबर
दोन सोलापुरी चादरी, एक खाली एक वर. विषय संपला. आमच्या गावच्या चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, हीटरला मिळालंय का बे?

जुने_खोड, ४ डिसेंबर
तान्ह्या बाळावर चादर टाकायची? दीड किलोची चादर आणि अडीच किलोचं बाळ. जरा विचार करून लिहा.

कडक_भाकरी, ४ डिसेंबर
चुकलो काका. हीटर घ्या.

फेज_न्यूट्रल, ५ डिसेंबर
बावीस वर्षं वायरिंग करतोय, आधी साखर पेठेत, आता विजापूर रोडच्या बाजूला. वायरमन आपलाच भाऊ, पण काका, अर्ध्या तासाचं काम म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

हीटर साधी वस्तू आहे. त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं. आग लागते ती बहुतेक वेळा प्लगात, सॉकेटात नाहीतर जॉइंटात. २००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ८.७ अँपियर. खाटेजवळचा बोर्ड म्हणजे ६ अँपियरचा बारका सॉकेट असणार, मोबाइल आणि टेबल फॅनसाठीचा. त्यात हीटरचा जाड पिनांचा प्लग जातच नाही. मग माणूस पन्नास रुपयांचा कन्व्हर्टर आणतो. ते कन्व्हर्टर मी जळालेले इतके काढलेत की घरात एक डबा भरलाय.

दुसरं म्हणजे त्या काळच्या घरात लाइटच्या सर्किटवरूनच प्लग घेतलेले असतात आणि बऱ्याच ठिकाणी वायर अ‍ॅल्युमिनियमची. अ‍ॅल्युमिनियम गरम झालं की फुगतं, गार झालं की आकसतं, स्क्रूखाली हळूहळू ढिलं होतं. वरून त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो. पंखा-दिव्याला वर्षानुवर्षं काही होत नाही, पण हीटर तासन्‌तास पूर्ण करंट ओढतो. ढिल्या जोडाला अर्धा ओम रेझिस्टन्स आला असं धरा. ८.७ गुणिले ८.७ गुणिले अर्धा, जवळपास ३८ वॅट झाले. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, त्यानं कथील वितळतं. तेवढी उष्णता तुमच्या प्लास्टिकच्या बोर्डात, लेकीच्या उशीशेजारी, रात्रभर.

आणि यात एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. करंट ८.७ च चाललाय, एमसीबीच्या दृष्टीनं सगळं आलबेल.

करायचं ते असं. डीबीपासून (एमसीबी असतात त्या पेटीपासून) हीटरसाठी वेगळी लाइन ओढा, दुसरं काहीही त्यावर नको. तांब्याची अडीचची (२.५ चौरस मिमी) वायर, आयएसआय मार्क बघून. १६ अँपियरचा एमसीबी. हीटरजवळ चांगला १६ अँपियरचा सॉकेट किंवा सरळ एसी बॉक्स. घरात आरसीसीबी (करंट अंगातून किंवा अर्थिंगला गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर ३० मिलीअँपियरचा बसवून घ्या, बाळ घरात येणार आहे म्हणून तर नक्कीच. आणि अर्थिंग तपासा. नुसता टेस्टर लावून नाही. टेस्टर फेज दाखवतो, अर्थिंग कसलं आहे ते दाखवत नाही.

गिरणीचा_भोंगा, ५ डिसेंबर
बरोबर आहे, पण इतकं घाबरवू नका. आमच्याकडे गिझर आणि हीटर एकाच लाइनवर आहे, चार वर्षं झाली. आधी १६ चा एमसीबी सारखा पडायचा. म्हणून ३२ चा टाकला, तेव्हापासून एकदाही पडला नाही.

फेज_न्यूट्रल, ५ डिसेंबर
भोंगासाहेब, वायर कोणती आहे?

गिरणीचा_भोंगा, ५ डिसेंबर
होती तीच. दीडची असेल.

फेज_न्यूट्रल, ५ डिसेंबर
मग आज संध्याकाळी तो ३२ चा काढा. चेष्टा करत नाही. एमसीबी हीटरसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. दीडच्या वायरवर ३२ चा एमसीबी म्हणजे ताप बघायचा नाही म्हणून थर्मामीटर फोडल्यासारखं झालं. गिझर २००० आणि हीटर २००० एकदम चालले की १७-१८ अँपियर होतात. ते १६ चं पोर रडत होतं तेव्हा खरं सांगत होतं.

शेंगाचटणी, ५ डिसेंबर
भोंगा चार वर्षांत पहिल्यांदा वाजला.

उत्तरेकडची, ६ डिसेंबर
मी मूळची लष्करातली, म्हणजे आपल्या सदर बझारची, फौजेतली नाही. लग्नानंतर अठरा वर्षं दिल्लीत आहे. इथं दर हिवाळ्यात हीटर निघतो, त्यामुळे सगळे प्रकार वापरून झालेत.

लाल दांड्यावाला (क्वार्ट्झ किंवा हॅलोजन) समोर बसलेल्याला लगेच शेक देतो, खोली तापवत नाही. बाळाच्या खोलीत अजिबात नको. दांडा लालभडक असतो, ओढणी लागली की संपलं. ब्लोअर खोली पटकन गरम करतो, पण घरघर करतो आणि बंद केला की दहा मिनिटांत पुन्हा गार. ऑइलवाला, त्या उभ्या पट्ट्यांचा, तापायला वेळ लावतो, पण आवाज नाही, उजेड नाही, बंद केल्यावरही बराच वेळ ऊब धरतो. आतलं तेल जळत नाही, भरायलाही लागत नाही. पण तो जड असतो, खाली चाकांवरच राहतो. भिंतीवरचे दोन. एक चपटा पॅनेल, जो खाली बसवतात आणि ज्यातून गरम हवा आपोआप वर चढते. दुसरा तुमच्या दुकानदारानं दाखवलेला, सिरॅमिक एलिमेंट आणि आत पंखा, तो उंचावर लावतात.

या वरच्याची एक गंमत ऐका. गरम हवा मुळातच छताला जाऊन बसते. तुमची खोली दहा फूट उंच असेल तर पहिला अर्धा तास पालीला ऊब मिळते. त्याचा झोत खाली वळवता येतो का ते दुकानात चालू करून बघा. मी स्वतः असते तर ऑइलवाला घेतला असता.

आणि दुकानात कुणी ‘वीज वाचवणारा हीटर’ म्हणालं तर पुढच्या दुकानात जा. एलिमेंटवाला कोणताही हीटर १००० वॅट घेतो आणि १००० वॅटचीच उष्णता देतो. स्वस्त असो, महाग असो, सिरॅमिक असो. वाचतं ते थर्मोस्टॅटमुळे, खोली तापली की तो बंद करतो म्हणून. खरोखर कमी विजेत गरम करतो तो फक्त हॉट अँड कोल्ड एसी. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, एका युनिटात तीन युनिटांएवढी ऊब देऊ शकतो.

कडक_भाकरी, ६ डिसेंबर
हॉट अँड कोल्ड एसी ही सोलापूरला शोभणारी वस्तू आहे. अकरा महिने कोल्ड, एक महिना हॉट.

वॉर्डातली_ताई, ६ डिसेंबर
मी नवजात बाळांच्या विभागात काम करते. काका, आधी शेगडीबद्दल बोलते, कारण आजी अजून हट्टाला असतील.

कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बाळंतिणीच्या खोलीत वारा लागू नये म्हणून आपण खिडक्या बंद करतो, फटीत चिंध्या कोंबतो आणि वर शेगडी ठेवतो. माणूस झोपेतच सुस्त होतो, उठून दार उघडायचं त्याला सुचत नाही. आजींची पाचही पोरं नीट वाढली, कारण तेव्हाची घरं फटींची होती. माळवदाला धाब्यातून सवणं (धूर-उजेडासाठीचं भोक) असायचं, दाराखाली बोटभर जागा. आजची अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी हवा आत येऊ देत नाही. आजींना असंच सांगा, म्हणजे त्यांचा मान राहील आणि शेगडीही बाहेर राहील.

इलेक्ट्रिक हीटरचा हा धोका नाही. पण बाळाला गारठ्याइतकाच जास्त उष्म्याचाही त्रास होतो, हे घरात कुणी धरत नाही. प्रसूतीची खोली २५ ते २८ अंश ठेवावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते बाळ ओलं बाहेर येतं म्हणून. घरी कोरडं, कपडे घातलेलं, आईजवळ असलेलं बाळ असेल तर खोली भट्टी करायची गरज नाही. हातपाय गार लागले म्हणून हीटर वाढवू नका, तान्ह्यांचे तळवे गारच असतात. छातीला किंवा मानेमागे हात लावून बघा. तिथं घाम असेल तर एक थर कमी करा. आणि बाळ कमी वजनाचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आईच्या छातीशी उघडं धरणं, ज्याला आम्ही कांगारू म्हणतो, त्याच्यासारखा हीटर दुकानात मिळत नाही.

अजून एक. झोळी बांधणार असाल ना? साडीची झोळी हलते. बांधताना ती स्थिर असते, झोका दिला की तीन-चार फूट पुढे जाते. हीटरची जागा झोका धरून ठरवा.

आणि काका, रागवू नका, पण ओल्या बाळंतिणीला वरची खोली का?

अक्का_६७, ६ डिसेंबर
मी तेच विचारणार होते. सिझेरियन झालं तर दिवसातून पाच वेळा जिना? खाली तुम्ही झोपता आणि लेक गच्चीखाली. तुम्ही दोघांनी वर जा की.

जुने_खोड, ६ डिसेंबर
माझे गुडघे...

अक्का_६७, ६ डिसेंबर
तिचे टाके.

शंकेखोर, ७ डिसेंबर
हीटर खोलीतला ऑक्सिजन खातो असं ऐकलंय. खरं का?

वॉर्डातली_ताई, ७ डिसेंबर
इलेक्ट्रिक हीटरमध्ये काही जळतच नाही, तर ऑक्सिजन कशाला लागेल? घसा कोरडा पडतो त्यावरून लोकांना तसं वाटतं. तरी बंद खोलीत माणसं असतात, तेव्हा खिडकी बोटभर उघडी ठेवलेली बरी.

उत्तरेकडची, ७ डिसेंबर
कोरडेपणाचा हिशेब आमच्या शेजारच्या फिजिक्सच्या सरांनी एकदा करून दाखवला होता. १२ अंशांच्या हवेत आर्द्रता ६० टक्के आहे, तीच हवा २२ अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता ३२ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी कुठं गेलेलं नसतं, गरम हवेची पाणी धरायची ताकद वाढते म्हणून टक्का उतरतो. सोलापूरची हवा मुळातच कोरडी. एका कोपऱ्यात पाण्याचं पसरट भांडं ठेवा. हीटरच्या वर ठेवू नका, आमच्या सासूबाईंनी ठेवलं होतं.

शेंगाचटणी, ७ डिसेंबर
पाण्याचं भांडं? आमच्या पेठेत पाणी पाच दिवसांआड येतंय, बाई. हवेला पाजायला कुठून आणू?

फेज_न्यूट्रल, ७ डिसेंबर
याच्यावरून आठवलं. अर्थिंगच्या खड्ड्यालाही पाणी लागतं. आपल्याकडची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळा संपला की खड्डा पुन्हा सुकतो. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर तो ओला राहिला तरच काम करतो. कित्येक घरात तो खड्डा फरशीखाली गेलाय, कुठं आहे तेही ठाऊक नाही. काही ठिकाणी जुन्या मिस्त्रींनी अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपला जोडलंय, आणि मागाहून पाइप प्लास्टिकचा झालाय. म्हणजे वायर आहे, अर्थिंग नाही.

पूर्वभागी, ८ डिसेंबर
पूर्व भागातून लिहितोय. घराच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. दिवसा व्होल्टेज दोनशेच्या खाली, माग बंद झाले की रात्री अडीचशे. हीटरला चालतं का?

फेज_न्यूट्रल, ८ डिसेंबर
एलिमेंट जळत नाही, पण वॅट बदलतात, तेही वर्गाच्या हिशेबानं. २३० ला २००० वॅटचा हीटर २५० ला जवळपास २३६० वॅट होतो, २०० ला १५०० च उरतो. म्हणून म्हणतो, वायर आणि सॉकेट अगदी काठोकाठ घेऊ नका. सगळ्यात जास्त व्होल्टेज नेमकं तुम्ही झोपलेले असता तेव्हा असतं.

पूर्वभागी, ८ डिसेंबर
आता मूळ विषयाला धरून, जरा दुःखाचं. आमच्या नान्नांना (वडील) वीस वर्षं साखर आहे. दोन वर्षांपूर्वी लाल दांड्याचा हीटर आणला. ते खुर्चीत बसून पाय शेकत बसायचे. पायाला बधिरता होती, आम्हाला कळलंच नाही की त्यांना गरम लागणंच बंद झालंय. एके दिवशी अम्मानं मोजा काढला तर पावलावर फोड. जखम भरायला चार महिने गेले. मधुमेहाचं माणूस घरात असेल तर हीटर किती लांब ठेवायचा हे त्याला विचारू नका, तुम्ही ठरवा.

जुने_खोड, ८ डिसेंबर
हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या आईलाही साखर आहे. शेगडीचा आग्रह बाळापेक्षा स्वतःसाठी तर नसेल, असं आता वाटायला लागलंय.

गिरणीचा_भोंगा, ८ डिसेंबर
कळवतो की ३२ चा काढला. वायरमन बोलावला तर गिझरच्या सॉकेटच्या मागं इन्सुलेशन तपकिरी होऊन चुरा पडत होता. नवी वायर टाकली, हीटर वेगळा केला. फेजसाहेब, आभार. शेंगाचटणी, तुमचे नाहीत.

शंकेखोर, ९ डिसेंबर
बिल किती येणार ते कुणी सांगितलंच नाही.

उत्तरेकडची, ९ डिसेंबर
२००० वॅट सलग आठ तास म्हणजे १६ युनिट, महिन्याचे ४८०. १००० वॅटचा, आणि थर्मोस्टॅटनं निम्मा वेळ बंद राहिला, तर रात्रीचे ४, महिन्याचे १२०. महावितरणच्या बिलात १०० च्या पुढं आणि ३०० च्या पुढं दर चढतो, त्यामुळे नुसते हीटरचे युनिट मोजू नका, घरातल्या एकूण युनिटांपैकी किती वरच्या पायरीत जातात ते बघा. बिलावर मंजूर भारही छापलेला असतो, तोही वाचा. दहा बाय बाराच्या खोलीला सोलापुरात २००० कशाला? चौरस फुटाला १० वॅट हा थंड मुलखाचा ठोकताळा, त्यानंही १२०० होतात.

जुने_खोड, ११ डिसेंबर
मंडळी, घरात बैठक झाली. अक्कांचं म्हणणं बायकोला वाचून दाखवलं ही माझी चूक. आम्ही दोघं वर जातोय, लेक खाली. खालच्या खोलीला आतल्या दोन भिंती, वर स्लॅबवर खोली, त्यामुळे पहाटे १८ च्या खाली उतरत नाही. शिवाय डीबी जिन्याखाली आहे, म्हणजे नवी लाइन जेमतेम पंधरा फूट. हीटर १००० वॅटचा, भिंतीवरचा पॅनेल घ्यायचं ठरतंय. फेजसाहेब, जागा सांगा. एका भिंतीला खिडकी, एकीला कपाट, एकीला खाट, एकीत दार.

फेज_न्यूट्रल, ११ डिसेंबर
खिडकीखाली बसवता आला तर उत्तम. खिडकीतून गार हवा खाली सरकते, तिथंच हीटरची गरम हवा वर चढते, पायाला गारठा लागत नाही. पण पडदा कापून सिलपर्यंतच ठेवायचा, हीटरवर लोंबला तर नको. जमत नसेल तर कपाटाच्या भिंतीला, कपाटापासून पुस्तिकेत दिलंय तेवढं अंतर सोडून. समोर तीन फूट मोकळं, खाट, झोळी, उशा, काहीच नको. सॉकेटच्या बरोबर खाली हीटर लावू नका, गरम हवा सॉकेटात जाते. सॉकेट बाजूला घ्या, आणि स्विच असा की बंद करायला हीटरवरून हात न्यावा लागू नये.

भिंत विटेची आहे ना? मग आठ नंबरची गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवतात ती) आणि लांब स्क्रू. गिट्टी विटेत बसली पाहिजे, नुसत्या प्लास्टरात नाही. तुमच्या घराचं प्लास्टर तीस वर्षांचं, ड्रिलनं लाल पूड आली तर वीट, राखाडी आली तर अजून प्लास्टरच. पार्टिशनसारखी प्लायवुडची भिंत असती तर मी नकोच म्हटलं असतं. ड्रिल मारताना बोर्डाच्या सरळ वर-खाली रेषेत भोक पाडू नका, वायर तिथूनच गेलेली असते. ब्रॅकेट आधी लेव्हलवर बसवा, हीटर लटकवून हातानं खाली ओढून बघा.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा बाळ खोलीत नको. नवा एलिमेंट आणि कारखान्याची धूळ जळाल्याचा वास येतो, खिडकी उघडून तासभर चालवा. आणि वीस मिनिटांनी बंद करून, प्लग काढून पिनांना हात लावा. कोमट ठीक. चटका बसला तर तो सॉकेट बदला.

अक्का_६७, ११ डिसेंबर
आणि लंगोट वाळत घालू नका त्यावर! सगळ्या घरात हेच होतं. पावसाळी हवा असली की दुपटी, लंगोट, सगळं हीटरवर. भोकं झाकली की आतला कटआउट पडतो, म्हणून लोक म्हणतात हीटर खराब निघाला.

कडक_भाकरी, ११ डिसेंबर
अक्का, तुम्ही फेजसाहेबांच्या पार्टनर व्हा.

पार्कचौक, १२ डिसेंबर
इन्व्हर्टरवर चालेल का हो? आमच्याकडे रात्री लाइट जाते.

फेज_न्यूट्रल, १२ डिसेंबर
घरगुती ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर? चालणार नाही, ओव्हरलोड होऊन शिटी मारेल. हीटरचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊच नका.

जुने_खोड, १९ डिसेंबर
बसला. दोन माणसं, पाऊण दिवस. केसिंगमधून नवी लाइन, १६ चा एमसीबी, आरसीसीबी. आरसीसीबी बसवल्याबरोबर घर तीनदा बंद पडलं. शोधत शोधत गेलो तर वरच्या मोरीतल्या दिव्याचा न्यूट्रल कुणीतरी अर्थिंगच्या वायरला जोडलेला. किती वर्षं तसाच होता देव जाणे. हीटरच्या निमित्तानं तो सापडला. अर्थिंगचा खड्डा तुळशीकट्ट्याखाली निघाला. आता पूजेच्या पाण्यात तोही भिजतो.

वायरमन जाताना म्हणाला, सोलापुरात हीटरची लाइन आयुष्यात पहिल्यांदाच ओढली. उन्हाळ्यात हाच पॉइंट कूलरला वापरा.

फेज_न्यूट्रल, १९ डिसेंबर
वापरा, फक्त आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबत जा. कूलर हीटरपेक्षा जास्त शॉक देतो, पाणी असतं त्यात.

शेंगाचटणी, १९ डिसेंबर
मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, एप्रिलपर्यंत थांबा.

जुने_खोड, १८ जानेवारी
नात झाली, २७ डिसेंबरला. सव्वातीन किलो. दोघी ठणठणीत.

हीटर आत्तापर्यंत तेरा रात्री लागला, तोही पहाटे दोन-तीन तास आणि तेलपाण्याच्या वेळी. थर्मोस्टॅटमुळे बहुतेक वेळ बंदच असतो. ताईंनी सांगितलं तसं मानेमागे हात लावून बघतो, दोनदा टोपडं काढावं लागलं. आईचं म्हणाल तर शेगडीचं नाव आता काढत नाही. रोज दुपारी नातीच्या खोलीत येते, खुर्ची ओढते आणि म्हणते, ‘लाव की जरा, बाळाला गार लागतंय.’ बाळ तेव्हा पाळण्यात घामेजलेलं असतं. मी खुर्चीच्या पायांजवळ फरशीवर खडूनं रेघ मारलीय, खुर्ची त्याच्या पुढे न्यायची नाही म्हणून. पूर्वभागींचं वाचल्यापासून.

सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षतेच्या दिवशी आम्ही दोघं वर होतो. बारा अंश. दोन सोलापुरी चादरी, एक खाली एक वर.

कडक_भाकरी, १८ जानेवारी
विषय संपला म्हटलं होतं की नाही! नातीचं अभिनंदन काका. हुग्गी (गव्हाची खीर) कधी?

अक्का_६७, १८ जानेवारी
गुडघे कसे आहेत?

जुने_खोड, १९ जानेवारी
दुखतात. पण जिना आता दिवसातून पंधरा वेळा चढतो-उतरतो. नात खाली आहे ना.

पार्कचौक, २ फेब्रुवारी
काका, तो पॅनेल आता विकायचा असेल तर सांगा. आमच्या सुनेची तारीख पुढच्या डिसेंबरची असावी असं वाटतंय.

वॉर्डातली_ताई, २ फेब्रुवारी
पार्कचौक, आज २ फेब्रुवारी आहे. सुनेला तरी माहीत आहे का?